स्विफ्ट की आय-ट्वेंटी एन लाइन? खान्देशच्या रस्त्यावरचा हिशोब

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आजचा भाग गाड्यांवर आहे. आपल्याकडे येणाऱ्या मेसेजमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो. बजेट दहा लाखांच्या आसपास, घरात गाडी एकच येणार, पण चालवायला मजा आली पाहिजे. मग मारुतीची स्विफ्ट घ्यायची की ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन? दोन्ही मॅन्युअल गिअरच्या, पेट्रोलवरच्या.

हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने चालला. मी नोकरीला जळगावला, घर धुळे तालुक्यात. त्यामुळे आज जे सांगतोय ते त्या दोन महिन्यांतलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बाहेरच्या देशात 'परवडणारी हलकी स्पोर्ट्स कार' म्हटलं की माझदा एमएक्स-५ चं नाव येतं. १९८९ साली आली, दोन सीट, उघडं छत, वजन हजार किलोच्या आसपास. २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी बनली. ती आपल्याकडे विकत मिळत नाही. भारतात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी गाडी येऊन गेली, फायबरची बॉडी आणि रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. ती फार कुणी घेतली नाही. आणि खरं सांगा, दोन सीटची गाडी घेऊन लग्नाला कोण जाणार? आपल्याकडे गाडीत पाच माणसं बसतात, सहावं मांडीवर. म्हणून आपली स्पोर्ट्स कार म्हणजे चार दरवाजांची हॅचबॅकच.

स्विफ्टची एक स्पोर्ट आवृत्तीही होती बरं का. १.४ लिटर टर्बो, वजन हजार किलोच्या आत. जपानमध्ये, युरोपात विकली गेली, भारतात कंपनीने आणलीच नाही. त्यामुळे ते स्वप्न बाजूला ठेवू आणि जे मिळतं त्यावर बोलू.

आता आकडे. थोडे आहेत, पण महत्त्वाचे आहेत.

सध्याची स्विफ्ट मे २०२४ मध्ये आली. १.२ लिटर, तीन सिलिंडर, ८२ पीएसच्या आसपास ताकद. टॉर्क ११२ न्यूटन मीटर, तो मिळतो ४,३०० आरपीएमला. गाडीचं वजन साधारण ९२० किलो. पाच गिअर.

आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ मध्ये आली, सप्टेंबर २०२३ मध्ये नवीन रूप आलं आणि तेव्हाच सहा गिअरचा खरा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला. १ लिटर टर्बो, १२० पीएस. टॉर्क १७२ न्यूटन मीटर, आणि तो १,५०० आरपीएमपासूनच मिळायला लागतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्विफ्टला पुढे डिस्क, मागे ड्रम. सहा एअरबॅग दोन्हीकडे आहेत.

कागदावर बघितलं तर एन लाइन जिंकली. मग प्रश्न कशाला पडतो? कारण हलकी गाडी कागदावर कळत नाही. वळणात कळते.

वजन कमी असलं की गाडी वळायला तयार असते. टायरवर ताण कमी, ब्रेकवर ताण कमी. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, ज्याला औट्रम घाट म्हणतात, मी दोन्ही गाड्या चालवल्या. स्विफ्ट एकट्याने चालवताना फार छान वाटते. दुसरा गिअर, तिसरा गिअर, इंजिन ओरडतंय, वेग मात्र चाळीस-पन्नासच. कमी वेगातही मजा येते, हा हलक्या गाडीचा खरा गुण. मजेसाठी वेग वाढवावा लागत नाही.

एन लाइन वेगळी. घाटात गिअर कमी करायची फारशी गरज पडत नाही. तिसऱ्यावरच ती ओढत जाते. स्टीअरिंग वजनदार, गाडी रस्त्याला धरून. पण तिची मजा जरा वरच्या वेगात सुरू होते, आणि तो वेग वापरायला आपल्याकडे जागा किती आहे, याचा विचार करा.

आता मुद्दा लोडचा. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि रिव्ह्यूच्या व्हिडिओत तो येत नाही. कारण ते व्हिडिओवाले गाडीत एकटे असतात.

आमच्या घरी दर महिन्याला आईला तपासणीसाठी नाशिकला न्यावं लागतं. मी, आप्पा, आई आणि बहीण. चार माणसं अडीचशे किलो, वर पिशव्या, पाण्याचा जार, येताना बाजार. तीनशे किलो धरा. ९२० किलोची स्विफ्ट झाली १,२२० किलोची. रिकामी असताना तिच्याकडे एका टनामागे ८९ पीएस होते, आता राहिले ६७. वर मे महिन्यातली दुपार, बाहेर ४४-४५ डिग्री, एसी फुल. गाडी बदलल्यासारखी वाटते.

एन लाइनचं वजन हिशोबापुरतं १,०५० किलो धरू. तीनशे टाकले की १,३५०. १२० पीएसला भागलं तर टनामागे साधारण ८९ पीएस. म्हणजे चार माणसं भरलेली एन लाइन ही रिकाम्या स्विफ्टइतकी चपळ राहते. हे गणित मी वहीवर केलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मग तीच घे ना भाऊ, विचार काय करतो?"

जळगाव-धुळे हायवेला याने फरक पडत नाही, पण अमळनेर-चोपड्यासारख्या रस्त्यावर पडतो. पुढे कापसाने भरलेला ट्रॅक्टर, समोरून एसटी, आणि मधे जागा जेमतेम. एन लाइनमध्ये ओव्हरटेक पटकन होतो. भरलेल्या स्विफ्टमध्ये गिअर कमी करून, अंतर बघून, कधी कधी 'नको, थांबू' असं म्हणावं लागतं. जळगावात समांतर रस्त्यांसाठी लोकांनी किती आंदोलनं केली ते तुम्हाला माहीत आहे. त्या हायवेने कुणाच्या ना कुणाच्या घरातलं माणूस नेलेलं आहे. त्यामुळे ओव्हरटेकची ताकद ही नुसती हौस नाही, हे मी मान्य करतो. पण ताकद जास्त असली की माणूस कमी जागेतही घुसायला बघतो, हेसुद्धा तितकंच खरं.

मग पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी सेस धरून २९ होता. त्यामुळे दोन्ही खाली आल्या. तरी दोघींमधला फरक, तुम्ही कोणतं मॉडेल घेता त्याप्रमाणे, दोन ते तीन लाख पडतो. आणि एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत ११ टक्के आहे, त्यापुढे १२. वरचं मॉडेल घेताना ही रेषा ओलांडतो का, ते शोरूमला विचारा.

तीन लाख जास्तीचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता वाढतो महिन्याला जवळपास ६,२०० रुपये. आता पेट्रोल. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं, स्विफ्ट १८ चा आणि टर्बो १४ चा अ‍ॅव्हरेज देईल असं धरा, पेट्रोल १०५ रुपये लिटर. फरक सोळा लिटरचा, म्हणजे १,६०० ते १,७०० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला आठ हजारांच्या जवळ. तुमचा आकडा वेगळा येईल, पण वहीवर मांडा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

हे आठ हजार आमच्या घरात कुठून येणार होते? माझ्या पगारातून काही, आणि कापसाच्या पैशातून काही. कापसाला भाव किती मिळेल ते पेरणीच्या वेळी कुणालाच माहीत नसतं. हप्त्याची तारीख मात्र पक्की असते. आणि बहिणीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू होणार होतं. तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. पण फी भरायचा महिना तिला पाठ होता, आणि मलाही.

शेवटी आम्ही एक केलं. टेस्ट ड्राइव्हला मी एकटा गेलो नाही, चौघं गेलो. शोरूमवाला म्हणाला, एवढ्या जणांची गरज नाही. आम्ही म्हटलं, गाडीत एवढेच बसणार आहेत. आईला मागे बसवलं. आय-ट्वेंटी मोठी आहे, दोन चाकांमधलं अंतर २,५८० मिलिमीटर, स्विफ्टचं २,४५०. पाय ठेवायला जागा तिथे जास्त. पण एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा मुद्दाम कडक ठेवलेलं असतं, ते चालवणाऱ्यासाठी. आईला दोन्हीत बसवून विचारलं. ती म्हणाली, "याच्यात बरं वाटतं." ती स्विफ्टमध्ये होती.

आम्ही स्विफ्ट घेतली. मला एन लाइन हवी होती, हे लपवत नाही. अजूनही एखादी एन लाइन शेजारून गेली की तिच्या एग्झॉस्टचा आवाज कान देऊन ऐकतो. पण सकाळी सहा वाजता एकटा पारोळ्याहून निघतो, रस्ता मोकळा असतो, तेव्हा ९२० किलोची ती गाडी मला कमी वाटत नाही. आणि चार जण असले की मी ओव्हरटेक सोडून देतो. नाशिकला दहा मिनिटं उशिरा पोहोचतो.

आता तुमचं काय? माझं मत सरळ सांगतो.

बहुतेक वेळा एकटे किंवा दोघं फिरता, हप्ता ताणून भरावा लागणार आहे, घरात अजून कुणाचं शिक्षण किंवा औषधपाणी चालू आहे, तर स्विफ्ट घ्या. वाचलेल्या पैशातून चांगले टायर टाका, हलक्या गाडीला टायरचा फरक लगेच कळतो.

नेहमी चार-पाच जण, घाटाचा किंवा दुपदरी रस्ता रोजचा, आणि हप्ता पगारातून आरामात निघतो, तर एन लाइन घ्या. तिथे ती टर्बो वाया जात नाही. फक्त मित्राने घेतली म्हणून घेऊ नका.

आणि कोणतीही घ्या, टेस्ट ड्राइव्ह दुपारी करा, एसी लावून करा, घरची माणसं बसवून करा. एकदा रात्री लाइट बघा. खराब रस्त्यावरून न्या, तो शोधायला लांब जावं लागणार नाही. क्लच दहा मिनिटं ट्रॅफिकमध्ये दाबून बघा, जळगावच्या अजिंठा चौफुलीवर संध्याकाळी गेलात तरी चालेल.

तुम्ही कोणती घेतली, का घेतली, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याचं मत काय, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात सेकंडहँड गाडी बघताना काय काय तपासायचं त्यावर बोलू. तोवर सीट बेल्ट लावा, मागच्यांनाही लावायला सांगा. चला, भेटू.