वृक्षांसाठी एक दिवस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास आज आपणांपुढे आपला एक अपराध आणि त्यातून उशिरा मिळालेला धडा ठेवावयाचा आहे.

अमरावती जिल्ह्यातील माझ्या शाळेच्या रस्त्यावर दुतर्फा जुने वड होते. २००९ साली रस्तारुंदीकरणात ते तोडले गेले. त्या वेळी मी वर्गात ‘झाडांचे उपयोग’ हाच पाठ शिकवीत होतो. करवतीचा आवाज फार होऊ लागला म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. एका मुलीने विचारले, “गुरुजी, तुम्ही त्यांना सांगत का नाही?” मी तिला गप्प बसविले. तो प्रश्न निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेला नाही.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, आम्ही पाच ज्ञातिबांधव स्वखर्चाने नागपुरास गेलो. आमची मागणी साधी होती. शहरांतील झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक वर्षांच्या झाडास ‘हेरिटेज वृक्ष’ असा मान मिळाला आणि त्याच्या तोडीवर कडक बंधने आली. परंतु तो कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. खेड्याच्या वाटेवरील वडालाही तसेच संरक्षण असावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.

विधानभवनात पासाशिवाय प्रवेश नसतो, म्हणून कामकाज सुरू होण्यापूर्वीच आम्ही आमदार निवासात पोहोचलो. प्रथम आपल्या ज्ञातीतील एका आमदारांकडे गेलो. ते आपले, तेव्हा काम होणारच, अशी आमची खात्री! त्यांनी चहा दिला, सोयरेसंबंधांची आस्थेने चौकशी केली. पण वडाचा विषय निघताच घड्याळाकडे पाहिले. दोष त्यांचा नव्हे. आम्ही नागरिक म्हणून न जाता पाहुणे म्हणून गेलो होतो.

दुसरे आमदार ना ज्ञातीचे, ना ओळखीचे. आमचे पाच पानी निवेदन त्यांनी चाळले आणि विचारले, “गुरुजी, तुमच्या तालुक्यात असे वड किती उभे आहेत? कोणत्या रस्त्यावर? त्यांतले किती तोडीच्या यादीत आहेत?” पाचांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेणारा मी त्या दिवशी नापास झालो.

तथापि ते गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की, तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनापूर्वी पुष्कळ दिवस द्यावी लागते. लक्षवेधी सूचनेलाही नेमकी माहिती लागते. “भावना मला कळते,” ते म्हणाले, “पण मला सभागृहात उभे राहून बोलायचे, तर कागद हवा. एक पान, एक मागणी, खाली आकडे.”

बंधूंनो, विधानसभेचे २८८ व परिषदेचे ७८ सदस्य आपल्या वतीने बोलण्यासाठीच आहेत. परंतु काय बोलावे हे आपण त्यांना सांगितलेच नाही, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. सत्कारासाठी हार घेऊन त्यांच्याकडे जाणारे आपण एकदा माहिती घेऊन का जाऊ नये?

गावी परतल्यावर मी वही घेऊन रस्त्याला लागलो. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर दोरी धरून बुंध्याचा घेर घेतो, वृद्धांना झाडाचे वय विचारतो व लिहून ठेवतो. कायदा अद्याप झालेला नाही आणि मजजवळ यशाची वार्ताही नाही. आहे ती एक अर्धी भरलेली वही.

ती पूर्ण करण्यासाठी मला आपल्या मंडळातील तरुण मुलामुलींचे साहाय्य हवे आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावचा एक रस्ता मोजावा. पुढील अधिवेशनापूर्वी, पुरेसे दिवस आधी, आपण आपापल्या मतदारसंघातील आमदारांना भेटू. त्यांची ज्ञात विचारावयाची नाही आणि आपलीही सांगावयाची नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. आता सांगावयास निघालो आहे; माझ्यासोबत चला, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.