गोणीवरचे ४६ नेमके कशाचे?

आजचा एपिसोड छोटा आहे. वही-पेन जवळ असेल तर घ्या, गाडीवर असाल तर नुसतं ऐका. आकडे सोपे आहेत.

काम माझं सॉफ्टवेअरचं, पण गाव घोडेगाव, तालुका नेवासा. नगर-संभाजीनगर रोडवर शिंगणापूरला वळायचा फाटा लागतो, तेच. इथे कांद्याचं मोठं मार्केट आहे. त्यामुळे ‘संयुगात एखादं मूलद्रव्य किती टक्के’ हा अकरावीचा धडा आपण आज खताच्या गोणीवर शिकू.

आधी युरिया. त्याच्या एका रेणूत कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार. वस्तुमानं मांडा: १२, १६, २८ आणि ४. बेरीज ६०. त्यात नायट्रोजनचे २८. आता २८ भागिले ६०, गुणिले १००. आले ४६.७ टक्के. गोणीवर ४६ छापलेलं असतं, कारण खतात थोडा ओलावा आणि इतर पदार्थही असतात. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत नत्र साधारण २०.७ किलो. बस, एवढंच गणित. मूलद्रव्याच्या सगळ्या अणूंचं वस्तुमान वर, पूर्ण रेणूचं खाली.

आता डीएपी घ्या. गोणीवर १८:४६. १८ नत्राचे, ४६ स्फुरदाचे. रेणूत नायट्रोजन दोन, हायड्रोजन नऊ, फॉस्फरस एक, ऑक्सिजन चार. २८ अधिक ९ अधिक ३१ अधिक ६४, झाले १३२. फॉस्फरस ३१ भागिले १३२, म्हणजे २३.५ टक्के.

थांबा. अगदी शुद्ध डीएपीतसुद्धा फॉस्फरस २३.५ टक्केच असतो, तर गोणीवर ४६ कसे?

कंपनी फसवत नाहीये. जुन्या काळी रसायनशास्त्रज्ञ खनिजांचं पृथक्करण ऑक्साइडच्या रूपात लिहायचे, खतांमध्ये तीच पद्धत टिकली. गोणीवरचं स्फुरद म्हणजे नुसता फॉस्फरस नव्हे, तर फॉस्फरस पेंटॉक्साइड, ज्याला आपण पी-टू-ओ-फाइव्ह म्हणतो. त्याचं वस्तुमान १४२, त्यात फॉस्फरस ६२, म्हणजे ४३.७ टक्के. ४६ चे ४३.७ टक्के काढा, साधारण २० येतात. म्हणजे ५० किलोच्या गोणीत स्फुरद २३ किलो, पण फॉस्फरस फक्त १० किलो. युरियाचे ४६ थेट नायट्रोजनचे, डीएपीचे ४६ ऑक्साइडचे. आकडा एकच, अर्थ वेगळा.

याने काय फरक पडतो? कांद्याला हेक्टरी १००:५०:५० ही शिफारस तुम्ही ऐकली असेल. माती परीक्षणानुसार ती बदलते, पण समजा हीच धरली. यातले ५० सुद्धा पी-टू-ओ-फाइव्हचेच. म्हणून ५० भागिले ०.४६, साधारण १०९ किलो डीएपी लागेल. आता एखाद्या हुशार पोराने पुस्तकातले २३.५ घेतले तर? उत्तर येईल २१३ किलो. भागाकार बरोबर, पण शेतात जवळपास दुप्पट खत! १०४ किलो जास्त. गोणी १,३५० रुपयांची धरली, तर हेक्टरी सुमारे २,८०० रुपये मातीत. वर जादा स्फुरदामुळे पिकाला जस्त घेणं अवघड जातं, ते वेगळंच.

आम्ही कोड लिहिताना आकड्याआधी युनिट बघतो. इथेही तेच करा. टक्केवारी दिसली की आधी विचारा, कशाची?

जाता जाता गृहपाठ. पोटॅशच्या गोणीवर पालाश ६० टक्के लिहिलेलं असतं. पोटॅशियम क्लोराइडमधलं पोटॅशियम काढा: ३९ भागिले ७४.५, येतात ५२.३. शुद्ध पदार्थात ५२ आणि गोणीवर ६० का? आजचा एपिसोड नीट ऐकला असेल, तर उत्तर तुमच्याकडे आहे. घरच्या गोणीवरचे आकडे एकदा स्वतः मांडून बघा, आणि दुकानात जाणाऱ्यालाही समजावून सांगा. भेटू पुढच्या भागात!