शेजारी बसलेला माणूस
(युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत मजुरी करतो, कविता लिहितो. मॅट्रिकपुढं शिकलो नाही. तेव्हा सरळच बोलतो.

आमच्या टोळीत एक जण होता. आमचीच बिडी ओढायचा, आमच्यापेक्षा जास्त शिव्या मालकाला घालायचा. मग कळलं, संध्याकाळी आमचा शब्द न् शब्द मुकादमाकडं पोचतोय. म्हणे, मालाची चोरी पकडायला ठेवलाय. चोर एकही सापडला नाही. टोळी मात्र मेली. कोण कुणाशी मोकळं बोलेना.

आता न्यूयॉर्क बघा. 2001 च्या हल्ल्यानंतर तिथल्या पोलिसांनी गुप्त तुकडी काढली. मुसलमानांची हॉटेलं, दुकानं, मशिदी टिपायच्या. कोण कुठं बसतो, काय बोलतो, लिहायचं. 28 वंश नजरेखाली घेतले. 2008 साली कॉलेजची मुसलमान पोरं नदीवर सहलीला गेली. गुप्त पोलीसही सोबत गेला. दिवसातनं किती वेळा नमाज झाला, ते लिहून आणलं! 2011 साली पत्रकारांनी हे उघड केलं. 2012 साली त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं शपथेवर कबूल केलं की, सहा वर्षांत या तुकडीच्या माहितीतनं दहशतवादाचा एकही तपास निघाला नाही. 2014 साली तुकडी मोडली.

हा खेळ जुनाच. ज्यांच्यावरनं 1972 साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरमध्येही खबरे घुसवले होते. 1969 साली शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी बिछान्यात गोळ्या घातल्या. वय 21. घराचा नकाशा दिला होता त्याच्याच संघटनेतल्या खबऱ्यानं.

कोणी म्हणेल, मग बॉम्ब ठेवणाऱ्याला मोकळा सोडायचा? नाही. त्याच्या मागं जरूर लागा, वेषांतर करून लागा. पण आधी गुन्ह्याचा धागा, मग माणूस. इथं आधी जन्म बघतात, मग गुन्हा हुडकतात. हे आपल्याला नवं नाही. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, हजेरीला उभ्या केल्या. कायदा 1952 साली गेला. पण चोरी झाली की पोलीस अजून पारध्याच्याच पालावर जातो.

म्हणून उद्या नाक्यावर कोण म्हणालं, “त्यांच्यावर नजर पाहिजेच,” तर गप बसू नका. विचारा त्याला : गुन्हा कुठला? नाव कुणाचं? पुरावा काय? उत्तरात नुसता धर्म आला, तर समजा, त्या वहीचं पुढचं पान आपलं आहे.