माळावरची विहीर

मंडळी, तुमच्यापैकी किती जणांनी विहीर खणली आहे? किंवा खणताना पाहिली तरी आहे? मग आजची गोष्ट तुम्हाला चटकन कळेल.

गोष्ट लांबची आहे. अमेरिकेत कॅन्सस नावाचं राज्य आहे. तिथे नजर जाईल तिकडे सपाट माळ. नुसतं गवत आणि वारा. अशा माळाला तिकडे प्रेअरी म्हणतात. त्या माळावर ग्रीन्सबर्ग नावाचं गाव आहे. २०२० सालच्या शिरगणतीत तिथे ७४० माणसं भरली. म्हणजे आपल्याकडची एखादी वाडीच. पण तिथली विहीर बघायला दुरून लोक येतात.

हा माळ पूर्वी कायोवा लोकांच्या राबत्यातला. १८६७ साली सरकारने त्यांच्याशी तह केला आणि त्यांना दक्षिणेकडे हलवलं. आज त्या जिल्ह्याला कायोवाच म्हणतात. नाव ठेवून घेतलं, माणसं घालवली. असं झालं खरं.

मग शेतकरी आले. १८६२ च्या कायद्याने घरटी १६० एकर जमीन मिळे. अट अशी, तिथे राहून पाच वर्षं ती कसायची. पण नुसत्या जमिनीला काय करायचं? पाणी नको का? १८८६ साली गाव वसलं. आगगाडीही येऊ घातली होती. त्या वेळची इंजिनं वाफेवर चालत. त्यांनाही पाणी लागे. तेव्हा गावाने ठरवलं, मोठी विहीर खणायची.

१८८७ साली काम सुरू झालं. यंत्र नव्हतं. कुदळी, फावडी, दोर आणि कप्पी. बारा-पंधरा माणसांची टोळी खाली उतरे. त्यांत शेतकरी होते, गुराखी होते, पोटासाठी फिरणारे मजूरही होते. माती पिंपांत भरून वर ओढायची. विहीर ढासळते कशी, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून दर बारा फुटांवर आडव्या फळ्यांचे धिरे दिले. मग आतून दगडाचं कडं बांधून काढलं. दगड दहा-बारा मैलांवरून गाड्यांतून आणले. विहीर पुरी झाल्यावर धिरे कापून टाकले.

त्या गाड्यांची एक गंमत आहे. त्यांच्या तळाच्या पट्ट्या सरकवता येत. गाडीत विहिरीची माती भरायची, खळग्यावर न्यायची आणि पट्ट्या सरकवायच्या. माती बरोबर खळग्यात! एका कामात विहीरही झाली आणि रस्तेही सपाट झाले.

१८८८ साली विहीर तयार झाली. खोली १०९ फूट, म्हणजे आपल्या मापाने अठरा परस. रुंदी ३२ फूट. हाताने खणलेली जगातली सर्वांत मोठी विहीर हीच, असं गावकरी सांगतात. इटलीत ऑर्व्हिएतो गावी हिच्याहून खोल विहीर आहे, तीही हातानेच खणलेली. पण आपल्या विहिरीचा अभिमान कुणाला नसतो? १९३२ पर्यंत गाव हेच पाणी प्यालं. पुढे विहीर पाहुण्यांना दाखवू लागले.

तिथे आणखी एक वस्तू आहे. आभाळातून पडलेला दगड. वजन जवळजवळ साडेचारशे किलो. तो १९४९ साली त्याच जिल्ह्यात जमिनीत सापडला. पण असल्या दगडांची पारख त्याआधी साठ वर्षांपूर्वी एका शेतकरणीने केली होती. तिचं नाव एलायझा किंबर्ली. शेतात नांगराला काळे, जड दगड लागत. लहानपणी शाळेत तिने आभाळातला दगड पाहिला होता. तिने ओळखलं. ती दगड गोळा करून ढीग लावू लागली. शेजारी हसले. घरधनीही हसला. बाईने हट्ट सोडला नाही. ती जाणत्यांना पत्रं लिहीत राहिली. अखेर १८९० साली एक प्राध्यापक आले, दगड पाहिले आणि विकत घेतले. मग हसणारे गप्प बसले!

आता वाईट भाग सांगतो. ४ मे २००७ चा दिवस. रात्री पावणेदहाच्या सुमारास वावटळ आली. आपल्याकडची धुळीची वावटळ नव्हे. तिचा घेर पावणेतीन किलोमीटर रुंद होता. आधी भोंगे वाजले होते. लोक घराखालच्या तळघरांत उतरले, म्हणून पुष्कळ वाचले. तरी ११ माणसं गेली. सकाळी पाहतात तो शंभरातल्या पंचाण्णव इमारती पडलेल्या. शाळा गेली, दवाखाना गेला, पाण्याची उंच टाकी कोसळली. धान्याचं उंच कोठार तेवढं उभं होतं. विहिरीवरची इमारत उडाली. आभाळातला दगड ढिगाऱ्याखाली सापडला. विहीर मात्र जागच्या जागी होती. ती जाणार कुठे?

आता राहायचं की जायचं? मोठ्या तंबूत गाव बसलं. सभेवर सभा झाल्या. राहायचं ठरलं. बांधायचंच आहे, तर वीज कमी लागेल अशी घरं बांधू, पावसाचं पाणी साठवू, असंही ठरलं. २०१० साली गावाजवळ वाऱ्यावर वीज करणाऱ्या दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

पण सगळे परतले नाहीत. २००० साली गावात १५७४ माणसं होती. २०१० साली ७७७ उरली. जे गेले त्यांना नावं ठेवू नयेत. उतारवयात पुन्हा पाया खणणं सोपं का आहे?

विहिरीवर २०१२ साली नवी गोल इमारत झाली. आतून वळणाचा जिना विहिरीत उतरतो. पाहुणे उतरतात, कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघतात. सभोवती दगडाचं कडं दिसतं. ते त्या पहिल्या माणसांनीच बांधलेलं आहे.