बालकांची स्थूलता आणि सिद्ध वैद्यक



बालकांचे आरोग्य म्हटले की आपल्यापुढे प्रथम कुपोषण उभे राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दुसरी बाजूही पुढे आणली आहे. २०१५-१६ मध्ये देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण शेकडा २.१ होते, २०१९-२१ मध्ये ते ३.४ झाले. अशा मुलाचे आईबाप ‘झाडपाल्याचे औषध, अपाय तो काय होणार?’ म्हणून एखादे चूर्ण घरी आणतात. त्या चूर्णांच्या संदर्भात ‘सिद्ध’ हे नावही कानी येते. म्हणून त्याविषयी थोडे सांगतो.

सिद्ध ही तामिळनाडूची प्राचीन वैद्यकपद्धती. तिचे ग्रंथ तामिळ भाषेत असून अगस्त्यादी अठरा सिद्धपुरुष तिचे प्रवर्तक मानले जातात. अतिस्थूलतेस तेथे ‘अतितूलम्’ म्हणतात. वैद्य नाडी, स्पर्श, जिव्हा, वर्ण, वाणी, नेत्र, मल आणि मूत्र अशी अष्टविध परीक्षा करून मगच औषध योजतो. त्रिफळा, सुंठ, मिरी, पिंपळी ही त्यातील द्रव्ये आपल्याही परिचयाची आहेत. पण पारा, गंधक आणि धातूंची भस्मेही याच शास्त्रात आहेत, हे विसरता कामा नये. मुलांच्या स्थूलतेवर ही औषधे गुणकारी व निर्धोक असल्याचे दाखविणारे पुरेसे मोठे अभ्यास अद्याप झालेले नाहीत. शिवाय स्थूलता बरी करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जनतेत जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बाजाराच्या दिवशी भिंतीवर चिकटलेली पत्रके पाहिली, की या कायद्याची आठवण कितीजणांना असेल अशी शंका येते.

मग या परंपरेतून घ्यावे काय? माझ्या मते, तिची आहारदृष्टी. तामिळ लोकांत एक म्हण आहे: कृशाला तीळ, स्थूलाला कुळीथ. तेथे कुळथाचे रस्सम, चटणी, उसळ करतात. आपल्या कोकणात पिठी करतात, देशावर त्यालाच हुलगा म्हणतात. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात, तंतूही भरपूर. अर्थात बिस्किटे व शीतपेये चालू ठेवून वर कुळीथ खाल्ल्याने वजन उतरणार नाही. तळकट, गोड पदार्थांच्या जागी तो यावयास हवा. वाढत्या मुलास उपाशी ठेवण्याचेही कारण नाही. पुष्कळदा वजन स्थिर राहून उंची वाढली तरी पुरते.

उंची-वजनाची नोंद प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. ज्यांना सिद्ध उपचारच हवे असतील त्यांनी नोंदणीकृत वैद्याकडे जावे. चेन्नईजवळ तांबरम येथील राष्ट्रीय सिद्ध संस्थेत बालरोगांचा स्वतंत्र विभाग आहे.

राहता राहिली शाळा. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अतिस्निग्ध, अतिगोड वा अतिखारट पदार्थ मुलांना विकण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. त्या अंतरात कोणती दुकाने येतात, हे मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना विचारून शोधावे लागत नाही.