प्रशांत महासागराची बशी



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘प्रशांत महासागर आणि वारे’ असं कळवलं होतं. निमंत्रणपत्रिकेवर मात्र ‘यंदाचा पाऊस कसा?’ असं छापून आलंय. माझी तक्रार नाही. मे महिन्यात महाराष्ट्रात दुसरं काही ऐकायला कोण येणार? पण पत्रिकेवरच्या प्रश्नाला मी आज बगल देणार आहे. का, ते शेवटी सांगतो.

आधी बशीकडे वळू. गरम चहा बशीत ओतून आपण एका बाजूने फुंकर घालतो, तेव्हा चहा समोरच्या काठाकडे सरकतो. प्रशांत महासागर ही तशीच बशी समजा, फक्त रुंदी १५ हजार किलोमीटरांहून अधिक. फुंकर घालतात ते व्यापारी वारे. विषुववृत्ताजवळ ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि उन्हाने तापलेलं वरचं पाणी इंडोनेशियाकडे रेटत नेतात. तिथल्या समुद्राची पातळी पलीकडच्या अमेरिकी किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर चढलेली असते आणि पाण्याचं तापमान २८ अंशांच्या वर. इकडे पेरूच्या किनाऱ्याशी वरचं पाणी निघून गेलं की त्या जागी खालचं थंड पाणी उसळून येतं. तळाकडचं सगळं खत ते सोबत आणतं. त्यावर पोसतो अँचोव्हेटा नावाचा छोटा मासा. आपल्या मांदेलीच्याच कुळातला.

आता विचारा, वारा पश्चिमेकडेच का वाहतो? तिकडचं पाणी गरम, त्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला पूर्वेची हवा धावते. मग पाणी तिकडेच गरम का? कारण वारा ते तिकडे लोटतो! वाऱ्यामुळे पाणी आणि पाण्यामुळे वारा. आधी कोण, हा प्रश्न इथे कोंबडी-अंड्याइतकाच निरर्थक आहे. १९६९ साली जेकब बर्कनेस या शास्त्रज्ञाने ही गाठ नेमकी उलगडली. तोवर समुद्राचा अभ्यास करणारे एका खोलीत बसत आणि हवेचा अभ्यास करणारे दुसऱ्या.

अशी एकमेकांच्या आधारावर उभी असलेली जोडी चालते तोवर छान चालते, कोसळते तेव्हाही एकमेकांना घेऊनच. काही कारणाने फुंकर मंदावली की पश्चिमेला साचलेलं गरम पाणी पूर्वेकडे परततं. त्याची लाट पृष्ठभागाखालून साधारण दोन महिन्यांत महासागर ओलांडते. पूर्वेचं पाणी तापलं की वारा आणखी ढिला पडतो, वारा ढिला पडला की पाणी आणखी तापतं. पेरूच्या कोळ्यांना हे गरम पाणी नाताळच्या सुमारास जाणवायचं, म्हणून त्यांनी त्याला नाव दिलं एल निन्यो, म्हणजे बाळ येशू. नाव गोड, पण जाळी रिकामी.

ढगांची भट्टीही मग पाण्यामागोमाग पूर्वेला सरकते. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर पूर येतात, इंडोनेशियाची जंगलं वाळून पेटतात. वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरणारच, आणि अशा वर्षी ती आपल्या बाजूला उतरण्याची शक्यता वाढते. उतरणारी हवा ढग वाढू देत नाही.

सभागृहात पांढऱ्या केसांची मंडळी बरीच दिसताहेत, म्हणून बहात्तर सालच्या दुष्काळाची आठवण काढतो. सुकडी, लाल मिलो, खडी फोडायची कामं. त्याच १९७२ साली पेरूत अँचोव्हेटा दिसेनासा झाला आणि जगातला सर्वांत मोठा मासेमारीचा धंदा बसला. बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होता, पण एल निन्यो तोच. खडीच्या ढिगावर बसलेली आपली बाई आणि रिकामं जाळं ओढणारा तो कोळी यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

असा दूरचा संबंध असू शकतो, हे आधी एका गणितज्ञाने आकड्यांतून हुडकलं होतं. गिल्बर्ट वॉकर. १८९९ साली पावसाने दगा दिला आणि सरकारी अंदाजाचीही लाज गेली. १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याची सूत्रं वॉकरकडे आली. केंब्रिजमध्ये असताना हा माणूस बूमरँग फेकण्यासाठी प्रसिद्ध होता, हवामानाचं शिक्षण नाहीच. रामानुजनची वही पाहून मद्रास विद्यापीठाला शिफारस लिहिणाऱ्यांतही तो होता. त्याने जगभरातल्या नोंदी मागवल्या आणि भारतीय कारकुनांकडून हाताने गणितं करवून घेतली. त्यातून दिसलं की पूर्व प्रशांतात हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि उलट. झोपाळ्याची दोन टोकं जणू. १९२४ साली त्याने त्याला ‘दक्षिणी दोलन’ म्हटलं. पुढे १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या चौकाला आपण अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतो ते त्यामुळे.

वॉकरला हवं होतं मान्सूनचं भाकीत, हाती लागला झोपाळा. भाकीत त्यालाही नीट साधलं नाही. आणि एल निन्यो म्हणजे दुष्काळ असं सरळ समीकरण मांडणाऱ्यांनी १९९७ आठवावं. विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत जोरदार एल निन्यो, तरी देशात पाऊस सरासरीहून किंचित जास्तच. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दाखवलं की हिंदी महासागरालाही स्वतःचा झोपाळा आहे. आफ्रिकेकडचं पाणी तापलं आणि सुमात्राकडचं निवलं की तो बऱ्याचदा आपल्याला हात देतो, ९७ ला दिला तसा. २०१९ सालीही तो असाच कलला होता. देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, त्यामागे इतरही कारणं होती. उलट २००२ साली एल निन्यो मध्यम होता आणि जुलैचा निम्मा पाऊस गायब झाला. प्रशांताचं पाणी तापतं किती, याइतकंच कुठे तापतं हेही महत्त्वाचं. मध्यभागी तापलं तर आपल्याला जास्त जाच होतो, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलं.

आणि आता बशीतला चहाच एकंदर जास्त गरम होत चाललाय. आपण वातावरणात अडकवलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र गिळतात. उष्णदेशीय हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात सरासरी १ अंशाने तापला. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, मध्य भारतातल्या अतिवृष्टीच्या घटना मात्र १९५० पासून तिपटीने वाढल्या. या शतकाच्या आरंभी व्यापारी वारे जोरात होते. त्यांनी बरीच उष्णता पाण्याखाली दडपली आणि जमिनीवरची तापमानवाढ थांबली की काय, असं काहींना वाटू लागलं. दडपलेलं २०१५-१६ च्या एल निन्योत वर आलं. तेव्हा आपण लातूरला रेल्वेने पाणी पाठवत होतो.

आता पत्रिकेवरचा प्रश्न. एल निन्यो डिसेंबरच्या आसपास भरात असतो आणि वसंतात विरतो किंवा कूस बदलतो. या महिन्यांत प्रशांताच्या दोन काठांमधला तापमानाचा फरक कमी असतो, वारे सुस्तावलेले असतात, पाणी आणि वारा यांची पकड सैल असते. लहानसा धक्काही पुढची दिशा फिरवू शकतो. म्हणून मार्च ते मेमध्ये केलेली भाकितं सर्वांत जास्त चुकतात. शास्त्रज्ञ याला वसंताचा अडसर म्हणतात. आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून आपण व्याख्यानमाला भरवतो ती नेमकी वसंतात!

मला ऑगस्टमध्ये बोलवा, प्रशांत महासागराबद्दल बरंच ठामपणे सांगेन. तोवर तुमच्या पेरण्या उरकलेल्या असतात, हे मलाही ठाऊक आहे.