हक्काचे धान्य व आपले कर्तव्य
(पेण व रोहे तालुक्यांतील व्यापारी, जमीनदार व देणगीदार यांच्या सभेत समितीच्या वतीने झालेले भाषण)



दुष्काळनिवारणाच्या कार्यासाठी पेण व रोहे येथील मंडळींस एकत्र बोलवावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. ज्या मुलखात वर्षास सरासरी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथे दुष्काळ कसला? परंतु दुष्काळ दोन प्रकारचा असतो. एक आकाशातून उतरतो व तो सर्वांस दिसतो. दुसरा एकेका घरात शिरतो, आणि शेजाऱ्यासही त्याचा पत्ता लागत नाही. आम्ही आज बोलणार आहो ते या दुसऱ्याविषयी.

आपल्या घरी आगोटीचे सामान भरले जाते, त्याच सुमारास डोंगरकडेच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवरून परततात. त्यांच्या घरी भरण्यास फारसे काही नसते. आषाढ-श्रावणात लावणीचे दिवस सरले की मजुरी थांबते; खेकडे, मासळी व रानभाजी यांवर काही दिवस निघतात. पुढे मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि श्रावणात पोटात गेलेल्या काही पायल्यांपायी दिवाळीनंतरचा सबंध हंगाम बांधला जातो. मजुरीचा दर मग मजुराने ठरवावयाचा नसतो. उपाशी महिना हाच त्या कर्जाचा उगम होय.

या महिन्यासाठी लागणारे धान्य मात्र आहे, आणि ते कायद्याने त्यांचे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला व महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला. प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो, व अंत्योदय कुटुंबास, माणसे किती का असेनात, दरमहा ३५ किलो धान्य द्यावयाचे आहे. तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो हा पूर्वीचा दर जानेवारी २०२३ पासून उठला असून, १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षे हे धान्य विनामूल्य देण्याचे ठरले आहे. प्राधान्य यादीसाठी शासनाने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० व शहरी भागात ५९,००० रुपये ठरविली. कातकरी ही आदिम जमात असल्याने तिची गोष्ट आणखी निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी दिलेल्या आदेशान्वये आदिम जमातींस अंत्योदयात घ्यावयाचे आहे.

मग अडते कोठे? आम्हांस जे आढळले ते असे. मुलांच्या जन्माची नोंद नसते, म्हणून आधार नाही, व आधार नाही म्हणून शिधापत्रिकेवर नाव नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झालेले नसते. विटा थापून व मिठागरात राबून बोटांच्या रेषा झिजतात, आणि दुकानातील यंत्र अंगठा ओळखत नाही. शेवटची अडचण इष्टांकाची. यादीत किती माणसे घ्यावयाची ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बांधली आहे. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी आहे. ती भरली की नवे नाव जुने नाव निघेपर्यंत थांबते.

एका कुटुंबाची हकीकत सांगतो. आमच्या कार्यक्षेत्रातील एका वाडीवर सात माणसांच्या घरी प्राधान्य पत्रिका होती व तीवर नावे चारच होती. धान्य २० किलो मिळे. सातही नावे असती तर ३५ किलो मिळते. अंत्योदयात असते तरीही ३५. म्हणजे दरमहा १५ किलो, वर्षास १८० किलो धान्य केवळ कागदाअभावी बुडत होते. आमच्या कार्यकर्त्याने जन्माचे दाखले, आधार व अर्ज यांची खटपट केली आणि तीन नावे चढली. परंतु आम्ही हे काम जेष्ठात हाती घ्यावयाचे ते श्रावणात घेतले. धान्य वाढून आले कार्तिकात. तोवर घरधन्याने उचल घेतली होती, आणि वाढीव धान्य दुकानात आले तेव्हा कुटुंब भट्टीवर निघून गेले होते. त्याच पत्रिकेवर भट्टीजवळच्या कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात धान्य उचलता येते, हे त्यांस सांगावयाचे आमच्याकडून राहिले. ही आमची चूक आहे व ती या अहवालात नमूद असावी असे आम्हांस वाटते.

हे काम नवे नाही. १८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने फॅमिन कोडातील नियम मराठीत समजावून गावोगाव पोहोचविले. सभेचे प्रतिनिधी आपल्या या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, फिरले. त्यांपैकी अच्युत सीताराम साठे यांच्यावर पेण येथे खटला झाला. १८९७ साली सरकारने सभेची मान्यताही काढून घेतली. सभेने मागितले काय होते? सरकारने स्वतः केलेला नियम रयतेस कळावा, इतकेच. आज नियम सांगणाऱ्यास कोणी अटक करीत नाही. उलट कायद्यातच तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग यांची तरतूद आहे, आणि १९६७ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. अंगठा उमटला नाही एवढ्याच कारणास्तव कोणास परत पाठवू नये, अशी केंद्र सरकारची ऑक्टोबर २०१७ पासूनची सूचना आहे. हे सर्व वाडीवर जाऊन सांगणारे माणूस तेवढे हवे.

म्हणून आपणांकडे आमच्या चार मागण्या आहेत.

पहिली मागणी पैशाची नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे नाव जुन्या काळापासून धान्याच्या यादीत राहून गेले असेल, त्यांनी ते आपणहून कमी करून घ्यावे. पाच माणसांचे घर बाहेर पडले तर पाच नावांस जागा होते. कोठीत भात असता शिधा उचलणे हे दान देण्याने भरून निघत नाही.

दुसरी, जे भट्ट्या, मिठागरे व शेते चालवितात त्यांनी मजुरास महिन्यातून एक दिवस धान्य आणण्यासाठी मोकळा द्यावा, त्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि उचलीच्या तारणापोटी कोणाची शिधापत्रिका ठेवून घेऊ नये.

तिसरी, व्यापारी मंडळींनी आपल्या पेढीवरचा एक लिहिता कारकून महिन्यातून एक दिवस आम्हांस द्यावा. अर्ज लिहिणे, पावती वाचणे, दिलेले धान्य पावतीबरहुकूम आहे का ते पाहणे, एवढेच त्याचे काम.

चौथी मागणी द्रव्याची. एस. टी. चे भाडे, दाखल्यांचे शुल्क, छायाप्रती, बुडालेल्या मजुरीची भरपाई व कार्यकर्त्याचे मानधन यांस पैसा लागतो. अर्ज मंजूर होईतो आषाढ-श्रावण निभावण्यापुरते धान्यही लागते. तेथे आपल्या कोठीतील भाताचा खरा उपयोग आहे. पै-पैचा हिशेब छापून आपल्या हाती देण्यास आम्ही बांधलेले आहो.

दारी आलेल्यास पायलीभर तांदूळ घातला तर दोन दिवस चूल पेटते. त्याच खर्चात एक नाव पत्रिकेवर चढले तर वर्षास ६० किलो धान्य त्या घरात येते, आणि त्यासाठी त्यास कोणापुढे हात पसरावा लागत नाही. यंदा हे काम जेष्ठ लागण्यापूर्वी सुरू व्हावे व श्रावणात एकाही घरास उचल घ्यावी लागू नये, एवढ्यासाठी आपण साह्य करावे, अशी समितीची सर्वांस नम्र विनंती आहे.